इंजिन पळतं, पण धूर नाही: ओ गेज इंजिनाचं स्मोक युनिट पुन्हा पुन्हा का जळतं

मॉडेल रेल्वेचं इंजिन उघडलं, त्यातल्या स्मोक युनिटमधला, म्हणजे धूर काढणाऱ्या भागातला, जळालेला रेझिस्टर (वीज दिली की तापणारा छोटा भाग) बदलला, धुराड्यातून भकाभक धूर यायला लागला आणि महिन्याभरात पुन्हा सगळं बंद. तुमच्याकडे असं होत असेल तर तिसरा रेझिस्टर मागवण्याआधी जरा थांबा. रेझिस्टर जळतो तो सगळ्यात शेवटी. त्याच्या आधी धुराचा द्रव शोषून ठेवणारी वात सुकलेली असते, नाहीतर धूर बाहेर ढकलणारा पंखा मंदावलेला असतो. ते न बघता नुसता रेझिस्टर बदलत राहिलात तर नवा घातलेला प्रत्येक रेझिस्टर त्याच वाटेने जाणार. माझे असे तीन सेट गेले, तेव्हा कुठे हे नीट समजलं.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. घरी पाच दिवसांचा गणपती असतो आणि आराशीभोवती ओ गेजचा रूळ मांडायची पद्धत मुलं लहान असल्यापासून पडली आहे. ओ गेज म्हणजे १:४८ माप. वाफेच्या इंजिनाचं विजेवर चालणारं मॉडेल, मागे चार डबे, मधल्या तिसऱ्या रुळातून वीज. मुलांना शिट्टीपेक्षा धुराचं वेड जास्त. गाडी वळणावरून येताना धुराड्यातून चाकांच्या तालावर फुस्स फुस्स धूर निघतो, तो बघायला शेजारची मुलंही जमतात.

सलग तीन गणपतींत तिसऱ्या-चौथ्या दिवशी धूर बंद पडला. पहिल्या वर्षी उघडून बघितलं तर दोनपैकी एक रेझिस्टर गेलेला. तेवढा बदलला, दहा-बारा दिवसांत तो नवाही गेला. दुसऱ्या वर्षी दोन्ही बदलले आणि वात चांगली दाबून भरली, तर धूर आधीपेक्षाही कमी. तिसऱ्या वर्षी आई भारतातून आली होती. आरती चालू होती, गाडी थांबवलेली, आणि आई मध्येच माझ्याकडे वळून म्हणाली, "अरे, समईतलं तेल संपलंय का बघ, वात जळल्याचा वास येतोय." समईत तेल काठोकाठ होतं. वास इंजिनातून येत होता.

तेव्हा लक्षात आलं की आरतीला आम्ही गाडी रिमोटने थांबवतो, पण ट्रान्सफॉर्मर चालूच राहतो. रिमोटवर चालणाऱ्या पद्धतीत रुळावर सतत १८ व्होल्ट असतात. गाडी उभी असली तरी रेझिस्टर तापलेलाच असतो, पंखा मात्र अगदी हळू फिरतो. आरतीपासून मंत्रपुष्पांजलीपर्यंत अर्धा तास, तोही दिवसातून दोनदा. द्रव संपतो, वात कोरडी पडते, तिच्यावर काजळी धरते आणि उष्णता वाहून न्यायला कुणी उरत नाही. मग रेझिस्टर स्वतःच्याच उष्णतेने तुटतो.

आत काय असतं

पंख्याच्या युनिटमध्ये शेजारी शेजारी दोन खोल्या असतात. एकीत रेझिस्टर आणि त्याच्याभोवती काचतंतूंची वात, दुसरीत छोटी मोटर आणि पंखा. दोन्हींमध्ये हवेसाठी एक भोक. धुराचा द्रव म्हणजे हलकं खनिज तेल. ते वातीत मुरतं, रेझिस्टरच्या उष्णतेने त्याची वाफ होते, पंख्याची हवा ती वाफ धुराड्यातून बाहेर ढकलते आणि थंड हवेत आल्यावर ती पांढरी दिसते. पंख्याची मोटर चाकांच्या गतीप्रमाणे क्षणभर फिरवून लगेच थांबवली जाते, म्हणून धूर तालात येतो. द्रव आणि हवा, दोघं मिळून रेझिस्टरला थंड ठेवतात. यातलं एक जरी कमी पडलं तरी तो जळतो.

जुन्या इंजिनांत पंखा नसतो. लायनेल या खेळण्यातल्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीने १९४६ साली धूर सोडणारी इंजिनं काढली, तेव्हा आत एक खास बल्ब होता. त्याच्या काचेवर खळगा असायचा आणि त्या खळग्यात अमोनियम नायट्रेटची गोळी टाकायची. त्या धुराने आतले धातूचे भाग गंजायचे. पुढच्याच वर्षी बल्ब जाऊन नायक्रोम तारेची हीटर कॉइल आली आणि चाकांबरोबर वरखाली होणारा दट्ट्या हवा मारायला लागला. लायनेलचा कारखाना इथेच न्यू जर्सीत, अर्व्हिंग्टनला होता, त्यामुळे आमच्या भागातल्या जुन्या घरांच्या सामानविक्रीत ही इंजिनं अजूनही सापडतात. तुमच्या हाती असं एखादं इंजिन लागलं तर एवढं लक्षात ठेवा: त्या काळच्या युनिटमधल्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतो. कोरडं खरवडू नका, फुंकर मारू नका. खालचं सगळं विवेचन पंख्याच्या युनिटबद्दल आहे.

न उघडता करायची तपासणी

आधी तळाशी असलेला धुराचा स्विच किंवा कमी-जास्तचा खटका बघा. मुलांच्या हातात इंजिन असेल तर तो बंद असण्याची शक्यता बरीच. मग टिश्यू पेपरची एक बारीक पट्टी फाडून धुराड्याच्या तोंडावर धरा आणि गाडी हळू चालवा. पट्टी तालात हलली तर पंखा ठीक आहे, दोष रेझिस्टरचा किंवा वातीचा. पट्टी हलत नाही पण धुराची एक बारीक रेघ आपोआप वर जातेय, तर रेझिस्टर ठीक आहे, पंखा अडकलाय. धूर धुराड्याऐवजी चाकांमधून नाहीतर ड्रायव्हरच्या केबिनमधून येत असेल तर युनिटच्या झाकणाखालचं गॅस्केट (फट बुजवणारी पट्टी) किंवा धुराड्याची जोडणी सुटली आहे. ते ताबडतोब बघा, कारण तो तेलकट धूर आतल्या सर्किट बोर्डावर जाऊन बसतो. आणि ना हवा ना धूर, असं असेल तर बहुतेक वेळा कनेक्टर निघालेला असतो किंवा बोर्ड गेलेला असतो.

मल्टिमीटर काय सांगतो

इंजिन रुळावरून काढून पुरतं थंड होऊ द्या. वरचा बॉयलरचा भाग खालच्या स्क्रूंनी धरलेला असतो आणि हे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. मी बर्फाच्या ट्रेमध्ये एकेका खणात एकेक स्क्रू टाकतो, समोरच्या चाकापासून क्रमाने. लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर आतून एखाद्या वायरवर दाबतो. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा.

युनिटचा कनेक्टर बोर्डापासून काढूनच मल्टिमीटरने रोध मोजा, नाहीतर बोर्डाचाही रोध त्यात मिसळतो. माझ्या इंजिनात १६ ओहमचे दोन रेझिस्टर समांतर जोडलेले आहेत. म्हणजे बाहेरून ८ ओहम दिसले तर दोन्ही ठीक. १६ दिसले तर एक गेला आणि धूर निम्मा. मीटरने काहीच दाखवलं नाही तर दोन्ही गेले किंवा वायर तुटली. मीटरच्या दोन काड्या एकमेकींना लावून आधी त्यांचा स्वतःचा रोध बघा आणि तो आकड्यातून वजा करा. एवढ्या कमी ओहममध्ये अर्ध्या ओहमचाही फरक जाणवतो.

तुमच्या इंजिनात कदाचित वेगळा आकडा असेल. जो असेल तोच घाला. "जरा कमी ओहमचा घातला की धूर जास्त येईल" हा सल्ला बरेच जण देतात, पण तो ऐकू नका. ८ ओहमच्या जागी ४ घातले तर करंट दुप्पट होतो आणि त्याचा भार बोर्डावरच्या एका छोट्या ट्रान्झिस्टरवर येतो. रेझिस्टर स्वस्त असतो, बोर्ड नाही. आणि ८ ओहमचं युनिट तपासण्यासाठी सरळ रुळाच्या १८ व्होल्टवर कधीही लावू नका. १८ गुणिले १८ भागिले ८, म्हणजे ४० वॅट. क्षणात जाईल. टेबलावर तपासायला मी जुन्या मोबाइल चार्जरचे ५ व्होल्ट वापरतो. त्याने ३ वॅटच्या जरा वर उष्णता मिळते आणि धूर दिसायला ती पुरते. चार्जर निदान १ अँपिअरचा असावा.

आणखी एक गोष्ट मीटरने बघा: रेझिस्टरचा पाय आणि युनिटचं धातूचं खोकं यांच्यात जोड आहे का. उघडण्याआधी नव्हता आणि बसवल्यावर मीटर वाजला, तर एखादा पाय खोक्याला टेकतोय. तो सोडवल्याशिवाय वीज देऊ नका.

वात

इथे वेळ काढा. झाकणाचे बारीक स्क्रू काढले की आत बघा. वात पांढरी किंवा फिकट पिवळी, मऊ आणि ओलसर असेल तर ठीक. माझी तिसऱ्या वर्षी निघाली ती रेझिस्टरला चिकटून कोळशासारखी काळी आणि कडक झालेली होती. चिमट्याने ओढली तर तुकडे पडले. रेझिस्टरचा आकार तिच्यात साच्यासारखा उमटला होता आणि मध्ये केसाएवढी फट पडली होती. म्हणजे वरून मी कितीही द्रव ओतला तरी तो रेझिस्टरपर्यंत पोचत नव्हता. खाली द्रव आणि वर कोरडा रेझिस्टर. पहिल्या वर्षी मी अशीच काळी वात न बदलता नवा रेझिस्टर वर बसवला होता, म्हणून तो दहा-बारा दिवसच टिकला.

समईची कापसाची वात इथे चालत नाही. कापूस जळतो. काचतंतूंचीच वात हवी. बागेत लावायच्या मशालींसाठी काचतंतूंच्या वाती मिळतात, त्यातला एक तुकडा कापून पीळ सोडवला की उत्तम काम होतं. कापताना हातमोजे घाला आणि तोंडावर मास्क लावा, कारण त्याची कूस त्वचेत घुसली की दिवसभर खाज सुटते.

आता भरायची कशी. थोडे तंतू तळाशी आडवे अंथरा, रेझिस्टर त्यांच्यावर टेकवा, आणि अगदी विरळ तंतू त्याच्या दोन्ही बाजूंनी वर घ्या. तंतू रेझिस्टरला टेकले पाहिजेत, पण आवळले जाता कामा नयेत. दाबून भरलं की द्रव चढत नाही आणि हवाही फिरत नाही. दुसऱ्या वर्षीची माझी चूक हीच होती, आणि त्याहून मोठी चूक म्हणजे जास्तीची वात पंख्याकडच्या भोकात गेली होती. पंखा गुरगुरत होता, हवा मात्र पुढे येत नव्हती. वात बदलल्यावर धूर कमी झाला, अशी तक्रार घेऊन कुणी इंजिन माझ्याकडे आणलं तर मी सगळ्यात आधी हे भोक बघतो. दहापैकी सात-आठ वेळा तिथेच दोष सापडतो. भोक आणि धुराड्याची नळी, दोन्ही मोकळी दिसल्याशिवाय झाकण लावू नका.

रेझिस्टर बसवताना

वायरवाउंड, म्हणजे तार गुंडाळलेल्या प्रकारचा, त्याच ओहमचा, त्याच आकाराचा घ्या. पाय भोकातून ओवून मागे वाकवा, म्हणजे झाळ (सोल्डर) वितळली तरी रेझिस्टर जागा सोडणार नाही. नेहमीची ६३/३७ ची शिशाची सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळते. शिसंविरहित सोल्डरला साधारण २१७ अंश लागतात. तापणाऱ्या जागेसाठी मी ही शिसंविरहितच वापरतो. रेझिस्टर युनिटच्या बोर्डाला चिकटून बसवू नका, खाली तंतू जातील एवढी फट ठेवा. बोर्डावर जुना काळा थर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन पुसून काढा, आणि अल्कोहोल पूर्ण उडून गेल्यावरच वीज द्या.

पंखा

जास्त द्रव ओतला की तो भोकातून पंख्याच्या खोलीत उतरतो आणि काही महिन्यांत गुळाच्या पाकासारखा चिकट होतो. मोटरच्या वायरींना साधा दीड व्होल्टचा पेन्सिल सेल लावून बघा. पंखा झटकन फिरला पाहिजे. कुरकुरत फिरला तर पाती आणि खोली अल्कोहोलने पुसा, मोटरच्या दांड्याला सुईच्या टोकावर मावेल एवढंच हलकं तेल लावा. मोटर फिरतेय आणि पाती जागच्या जागी, असं दिसलं तर पंखा दांड्यावर सैल झालाय. तो नवा बसवा. चिकटवलेला फार टिकत नाही, शिवाय गोंद दांड्यावरून मोटरमध्ये उतरतो.

झाकण लावताना गॅस्केट फाटलेलं असेल तर बदला. मी उष्णता सहन करणाऱ्या सिलिकॉनचा अगदी पातळ थर देतो आणि रात्रभर सुकू देतो. बॉयलर परत चढवताना युनिटची नळी धुराड्याच्या बरोबर खाली येतेय का ते वरून टॉर्च मारून बघा.

एचओवाल्यांसाठी थोडक्यात

महाराष्ट्रात ज्यांच्याकडे मॉडेल रेल्वे आहे त्यांच्यापैकी अनेकांकडे १:८७ मापाचं, म्हणजे एचओ असतं. पुण्यात कर्वे रस्त्याजवळ १९९८ साली सुरू झालेलं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय बघून कित्येकांना हा छंद लागला आहे. त्या मापाच्या बऱ्याच इंजिनांत पंखा नसतो. झॉयटे या जर्मन कंपनीच्या पद्धतीची धातूची नळकांडी धुराड्यातच खोचलेली असते. तिच्या आत केसासारखी बारीक नळी असते, तिच्यात द्रव उकळून धूर वर येतो. ही नळकांडी उघडून दुरुस्त करायची नसते, बंद पडली की बदलायची. पण बंद पडलीय असं ठरवण्याआधी ती काठोकाठ भरलेली नाही ना ते बघा. निम्म्याहून जास्त भरली की आतला द्रव उकळीला येत नाही. टिश्यूच्या टोकाने जास्तीचा द्रव टिपून घ्या आणि पुन्हा चालवा. नवी घेताना तिच्यावरचा व्होल्टेजचा आकडा वाचा. डिजिटल पद्धतीत तिला सतत पूर्ण व्होल्टेज मिळतं, त्यामुळे जास्त व्होल्टेजची नळकांडी घ्यावी लागते. साधी बसवली तर ती थोड्याच दिवसांत जाते.

पुन्हा जळू नये म्हणून

द्रव मॉडेल ट्रेनसाठी बनवलेलाच वापरा. खोबरेल तेल, दिव्याचं तेल, बेबी ऑइल, रॉकेल, यांतलं काहीही नको. खाण्याची तेलं वातीवर घट्ट थर धरतात, आणि रॉकेलचा बंद खोलीत आगीचा धोका आहे.

पहिल्या वेळी १२ ते १५ थेंब. थेंब टाकल्यावर धुराड्यात हलकी फुंकर मारा, म्हणजे नळीत अडकलेला हवेचा बुडबुडा फुटतो. धूर विरळ व्हायला लागला की दोनच पर्याय: १० ते १२ थेंब आणखी टाका किंवा धूर बंद करा. विरळ धुरावर "अजून एक फेरी" मारत राहणं हेच रेझिस्टरला सगळ्यात महागात पडतं. आमच्याकडे आता थेंबांची बाटली रिमोटच्या शेजारीच असते आणि मुलांना सांगून ठेवलंय की धूर पातळ दिसला की गाडी थांबवायची, मग बाटली हातात घ्यायची. धुराडं गरम असतं, त्याला बोट लावायचं नाही.

आरतीला गाडी थांबवायची तर आधी रिमोटवरून धूर बंद करायचा, मग ट्रान्सफॉर्मरही बंद. हे काम धाकटीकडे दिलंय. ताम्हण हातात घेण्याआधी मी तिच्याकडे बघतो आणि ती मान डोलावते. आराशीतला कापूस आणि क्रेप कागद रुळापासून वीतभर तरी लांब ठेवतो. थर्मोकोल तर मी आता वापरतच नाही. तापलेलं इंजिन रुळावरून घसरून आराशीत गेलं तर काय होईल, याचा विचार आरास मांडतानाच करावा लागतो.

विसर्जनानंतर इंजिन खोक्यात जायच्या आधी त्यात १५ थेंब टाकायचे, म्हणजे वात वर्षभर सुकत नाही. पुढच्या वर्षी बाहेर काढल्यावर २५ थेंब टाकून १५ मिनिटं तसंच ठेवायचं, द्रव मुरू द्यायचा, आणि मगच वीज द्यायची. धूर बंद ठेवून चालवणार असाल तरी हे करा, कारण काही इंजिनांत वीज येताच धुराचा स्विच आपोआप चालू होतो आणि हे आपल्या लक्षात येईपर्यंत कोरडी वात तापलेली असते.

चौथ्या गणपतीला मी हे सगळं पाळलं. पाचही दिवस धूर आला. विसर्जनानंतर मुद्दाम झाकण उघडून पाहिलं तर वात अजून फिकट पिवळीच होती आणि मीटरवर ८ ओहम.